ताडकळसच्या मंडळांनो, आधी कागदं शोधा!

गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदमांच्या परभणी जिल्ह्यात संबळावर बसलेले हात कमी नाहीत. अडतंय ते कागदावर. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं कार्यक्रम-निर्मिती अनुदान हवं तर संस्थेची नोंदणी किमान ३ वर्षं जुनी लागते. शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, ऑडिट. (आमच्या मंडळाचं ऑडिट हार्मोनियमच्या पेटीत सापडलं, कोपरा उंदरानं कुरतडलेला!)

शिकवायचंय? नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गुरू-शिष्य परंपरा योजना बघा. गुरू, साथीदार, शिष्य, तिघांनाही मानधन. मला हीच जास्त पटते: मांडव-माईकचा खर्च नाही, अन् पोरगं संबळ शिकतं.

विश्वस्त बदललेत? मग परभणीच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आधी टाका.