गाणे संगणकात शिरताना कुठे अडते?



आपल्या वर्गातली बरीच मुले घरी गाणे, पेटी किंवा तबला संगणकावर रेकॉर्ड करतात. कोणी गणेशोत्सवासाठी, कोणी भारतातल्या आजोबांना पाठवण्यासाठी. रेकॉर्डिंग सुरू केले की काहीतरी बिनसतेच. कधी आवाज येतच नाही, कधी चर्र चर्र ऐकू येते, कधी गाणे तबल्याच्या मागे पडते. मग घरातले कोणीतरी सगळी बटणे एकदम फिरवून बघते आणि शेवटी "संगणकच बिघडलाय" असे म्हणून नाद सोडला जातो. खरे तर संगणक बहुधा ठीकच असतो. दोष नेमका कुठून आत शिरला, हे मात्र कोणी शोधलेले नसते.

हे शोधता येणे का महत्त्वाचे, तेही सांगतो. भारतातून आजी-आजोबा शेंगेन व्हिसावर इथे येतात, तेव्हा त्यांना १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. आजीला जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भूपाळ्या येतात. त्या तिला पाठ आहेत, कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. एखाद्या संध्याकाळी तिचे मन लागते आणि ती गाते. अशा वेळी "आजी, थांब, पुन्हा म्हण" असे तीनदा सांगावे लागले, तर तिसऱ्या खेपेला ते गाणे पहिल्यासारखे उरत नाही.

आवाजाची वाट

आधी एक वाट डोळ्यांसमोर आणा. गळा, खोलीतली हवा, मायक्रोफोन, तार, साउंड कार्ड, प्रोग्रॅम, पुन्हा साउंड कार्ड, हेडफोन आणि शेवटी कान. साउंड कार्ड (ते संगणकाच्या आत असो वा बाहेरून जोडलेले) आवाजाचे आकडे करते. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाज मोजला जातो. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात.

आकडे होण्यापूर्वी जो दोष शिरतो तो आकड्यांमध्येच मिसळून जातो आणि सहसा पूर्णपणे निघत नाही. आकडे नीट साठले गेल्यावर जो दोष दिसतो तो बहुतेक वेळा नंतर दुरुस्त होतो. म्हणून आपले लक्ष वाटेच्या पहिल्या भागावर जास्त हवे.

दोष शोधताना वाट मधोमध तोडून बघावी. प्रोग्रॅममधला आवाजाचा मीटर हलतो का? हलत असेल तर गळ्यापासून प्रोग्रॅमपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. दोष पुढे, म्हणजे ऐकण्याच्या बाजूला आहे. हलत नसेल तर दोष मागे आहे. तसेच रेकॉर्ड केलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे फोनवर वाजवून पाहा. तिथेही खरखर असेल तर ती फाइलमध्येच आहे. तिथे नसेल तर फक्त तुमच्या हेडफोनच्या बाजूला आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दहा सेकंद रेकॉर्ड करा, ऐका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता नेहमीच्या तक्रारी एकेक करून पाहू.

१. आवाज येतच नाही

प्रोग्रॅममध्ये कोणता मायक्रोफोन निवडला आहे ते आधी बघा. लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडलेला असतो आणि आपण बाहेरच्या मायक्रोफोनसमोर गात बसतो. मायक्रोफोनवर बोटाने हलकेच टकटक केले की कोणता चालू आहे ते लगेच कळते. दुसरे, विंडोज आणि मॅक दोन्हींमध्ये प्रोग्रॅमला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी द्यावी लागते. जर्मन भाषेतल्या विंडोजमध्ये ही परवानगी 'डाटेनशुट्स' या शीर्षकाखाली 'मिक्रोफोन' मध्ये सापडते. तिसरे, कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला वीज लागते. तो तीन टाचण्यांच्या जाड तारेने साउंड कार्डाला जोडला असेल, तर कार्डावरचे ४८ व्होल्टचे बटण दाबल्याशिवाय तो मुकाच राहतो.

२. आवाज फाटतो

१६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वात मोठा आकडा ३२,७६७ असतो. आवाज त्याहून मोठा झाला तर लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटल्यासारखा येतो. हा दोष आकडे होतानाच शिरतो. नंतर आवाज कमी केला तरी कापलेला माथा परत येत नाही. आवाज फाटलेलाच राहतो, फक्त लहान होतो.

यावर उपाय सोपा आहे. मीटरवर सर्वात वर शून्य असते आणि त्याखाली वजा आकडे. सर्वात मोठा सूर वजा १२ च्या आसपास राहील इतपत साउंड कार्डाचे बटण कमी ठेवा. २४ बिटची सोय असेल तर ती घ्या. मग हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर बिनधास्त वाढवता येतो. चाचणी घेताना मात्र गाण्याचा सर्वात जोरकस भाग म्हणायला लावा. आरतीची पहिली ओळ आणि झांजा सुरू झाल्यावरची शेवटची ओळ यांत फार फरक असतो. तबल्याची थापही अशीच क्षणात उसळते.

३. चर्र, टक, आवाज तुटतो

४. गाणे तबल्याच्या मागे पडते

या दोन तक्रारी एकत्र घेतल्या आहेत, कारण त्या एकाच बटणाची दोन टोके आहेत. साउंड कार्डाकडून प्रोग्रॅमकडे आकडे एकेक करून जात नाहीत. बादलीने पाणी वाहावे तसे गठ्ठ्याने जातात. या बादलीला बफर म्हणतात. बादली लहान असेल तर फेऱ्या जास्त होतात. संगणक दुसऱ्या कामात अडकून एक फेरी चुकला की पाणी सांडते, म्हणजे काही नमुने हरवतात आणि टक्क असा आवाज येतो. हे हरवलेले नमुने परत मिळत नाहीत. बादली मोठी असेल तर काही सांडत नाही, पण ती भरेपर्यंत थांबावे लागते आणि आवाज उशिरा पोचतो.

सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १२८ नमुन्यांची बादली भरायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात आणि १,०२४ नमुन्यांची भरायला सुमारे २३. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर हा तबलजी आठ मीटर दूर बसल्यासारखा आहे. शिवाय आत येताना एक बादली आणि हेडफोनकडे जाताना दुसरी, असा उशीर दुप्पट होतो. तालात गाणे मग अवघड जाते.

विंडोजवर हा उशीर कमी करण्यासाठी हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली 'एसिओ' ही पद्धत आणली. प्रोग्रॅममध्ये हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा.

बादली केवढी ठेवायची ते कामावर ठरवा. वाजत्या तबल्यावर हेडफोन लावून गायचे असेल तर लहान ठेवा आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करा. नंतर नुसते जुळवाजुळवीचे काम करताना मोठी ठेवा. आजी साथीशिवाय एकटी गात असेल तर निःशंकपणे मोठीच ठेवा. ती स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत नाही, त्यामुळे उशिराने काही बिघडत नाही. नमुने मात्र एकही हरवता कामा नये.

बिनतारी ब्लूटूथ हेडफोन तालात गाताना वापरू नका. त्यांचा स्वतःचा उशीर बफरपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांचाच मायक्रोफोन वापरला तर ते फोनच्या संभाषणासाठीच्या पद्धतीत जातात आणि सगळा आवाज टेलिफोनसारखा चपटा येतो. साधा तारेचा हेडफोन उत्तम. स्पीकर लावून गाऊ नये, कारण स्पीकरमधला तबला मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरतो.

५. पट्टीच बदलते

काळी एक मध्ये गायलेले गाणे ऐकताना पांढरी एकच्याही खाली उतरलेले वाटते आणि पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. एक मिनिटाचे गाणे ६५ सेकंद चालते. ही खूण अगदी पक्की आहे. गाणे सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन साठवले गेले आणि वाजवताना ४४,१०० च्या गतीने वाजले, म्हणून ते सुमारे दीड स्वर उतरले. इथे एक स्वर म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी. उलट घडले तर गाणे तेवढेच चढते.

सीडीचा आकडा ४४,१०० आणि व्हिडिओचा ४८,०००, असे दोन आकडे प्रचारात असल्याने हा गोंधळ होतो. विक्रीसाठीच्या पहिल्या सीडी ऑगस्ट १९८२ मध्ये हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेनच्या कारखान्यात निघाल्या. सीडीचा आकडा तेव्हापासून आपल्या मागे आहे. जर्मन प्रोग्रॅममध्ये याला 'आबटास्टराटे' म्हणतात आणि इंग्रजीत 'सॅम्पल रेट'. साउंड कार्ड, प्रोग्रॅम आणि आयात केलेला तबला या तिन्ही ठिकाणी एकच आकडा हवा. समाधानाची गोष्ट ही, की या दोषात नमुने सगळे शाबूत असतात. आकडा बरोबर लावला की गाणे मूळ पट्टीत येते.

६. पेटी आणि तानपुरा गायब होतात

संगणक आणि व्हिडिओवरून बोलण्याचे प्रोग्रॅम माणसाचे बोलणे ठेवतात आणि सलग चालणारा आवाज "पंख्याचा असेल" असे समजून पुसून टाकतात. तानपुरा तर सलगच असतो, आणि पेटीचा लांबवलेला सूरही. म्हणून सूर सुरू होतो आणि विरून जातो. पुसलेला सूर नंतर मिळत नाही. विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या गुणधर्मांत आवाज 'सुधारण्याचे' पर्याय असतात, ते बंद करा. झूमवर गाण्याचा क्लास असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा.

७. मागे घूं असा आवाज

भारतात आणि जर्मनीत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेतो. तीच ५० आणि तिच्या दुपटीची १०० ची घूं तारेतून शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येत होता. मग बॅटरीवरच रेकॉर्ड करा, किंवा सगळी यंत्रे एकाच प्लगपट्टीला जोडा. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंग कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.

८. खोली घुमते

जुन्या इमारतींत उंच छत, लाकडी जमीन आणि उघड्या भिंती असतात. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. प्रोग्रॅमने हा घुमारा नीट काढता येत नाही, पण गोधडीने तो आधीच थांबवता येतो. गाणाऱ्याच्या मागे गोधडी टांगा, किंवा कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्यासमोर बसा. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा, अगदी समोर न ठेवता जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' ची फुंकर बसत नाही. अंतर दुप्पट केले की थेट आवाज निम्मा होतो आणि खोलीचा मात्र तेवढाच राहतो.

आजीसमोर बसण्याआधी

चाचणी स्वतःच्या आवाजावर आधी उरकून घ्या. फ्रिजचा आवाज येत नाही ना, फोन शांत आहे ना, डिस्कवर जागा आहे ना, ते बघा. १६ बिटचा एकेरी आवाज मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा घेतो, तेव्हा रेकॉर्डिंग अधूनमधून बंद न करता चालूच ठेवा. मूळ फाइल 'वेव्ह' स्वरूपात दोन ठिकाणी जपा. एमपी३ पाठवायला सोयीचे आहे, पण ते बनवताना बराच तपशील टाकून दिला जातो.

आणि सुरुवातीलाच कोण गाते आहे, कोणत्या गावचे गाणे, आजची तारीख काय, हे बोलून घ्या. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे रेकॉर्ड झाले. त्या काळी भारतातल्या रेकॉर्डच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला येत. भारतात कारखाना १९०८ मध्ये निघाला. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. गाणे कोणाचे ते इथल्या कारागिरांना कळावे, हे त्यामागचे कारण असल्याचे सांगतात. 'नवीन रेकॉर्डिंग ७' अशा नावाच्या फाइलमधली आजी कोणाची, हे वीस वर्षांनी आपल्यालाही असेच कळले पाहिजे.

करून पाहा

आपल्या संगणकाचा उशीर किती ते मोजू. एका पट्टीवर ताल देणारी टिकटिक तयार करा. हेडफोनचा एक कान मायक्रोफोनला चिकटवा. टिकटिक वाजवत दुसऱ्या पट्टीवर ती रेकॉर्ड करा. आता चित्र मोठे करून दोन्ही पट्ट्यांवरच्या एकाच टिकमधले अंतर मिलिसेकंदांत मोजा. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये उशिराची भरपाई करणारा एक आकडा असतो. तो सुरुवातीला वजा १३० असतो. दुसरी टिक मागे पडली असेल तर मोजलेले अंतर त्यातून आणखी वजा करा. पुढे गेली असेल तर तेवढे मिळवा. मग पुन्हा टिकटिक रेकॉर्ड करा. दोन्ही टिका एकाखाली एक आल्या की पुढची सगळी गाणी तबल्याबरोबर बसतील. तुमच्या संगणकाचा आकडा वहीत लिहून वर्गात आणा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून बघू.