दहाच्या ठोक्याची गर्दी

वातानुकूलित वर्गाच्या तत्काळ तिकिटांची विक्री रोज सकाळी दहाला आणि बिगर-वातानुकूलित वर्गाची अकराला सुरू होते. त्याआधी पाच-दहा मिनिटे देशाच्या कानाकोपऱ्यांत माणसे घड्याळाकडे डोळे लावून मोबाईलपुढे बसलेली असतात. गर्दीच्या मार्गांवरील जागा पाहता पाहता संपतात आणि ज्यांच्या पदरी निराशा येते ते साहजिकच संगणकाला बोल लावतात. यंत्रे अपुरी आहेत, ती वाढवा, अशी मागणी दर सुट्टीच्या हंगामात नव्याने होते. ही मागणी गैरवाजवी नाही. परंतु ती अपुरी आहे. रोज ठरल्या वेळी उसळणाऱ्या गर्दीसाठी किती यंत्रे राबवावीत, हा जितका तंत्रज्ञानाचा तितकाच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि ही गर्दी मुळात निर्माण कशाने होते, हा त्याहूनही मूलभूत प्रश्न आहे.

कमाल मागणीचा हिशेब

प्रथम खर्चाची बाजू पाहावी. समजा, एखाद्या सेवेला दिवसाचे तेवीस तास दहा सर्व्हर पुरतात. मात्र एका तासासाठी शंभर लागतात. शंभरच्या शंभर यंत्रे विकत घेऊन ठेवली, तर दिवसाकाठी २,४०० यंत्र-तासांची क्षमता हाताशी राहते. प्रत्यक्ष गरज असते ती अवघ्या ३३० यंत्र-तासांची. म्हणजे केलेल्या गुंतवणुकीचा एकसप्तमांश भागही कामी येत नाही. वीज मंडळांना हे कोडे फार जुने आहे. संध्याकाळी सारे दिवे एकदम लागतात, म्हणून त्या दोन-तीन तासांपुरती क्षमता वर्षभर पोसावी लागते. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाचे मोल आहे ते याच कारणाने. औष्णिक संच मनात येईल तेव्हा चालू-बंद करता येत नाहीत. धरणातले पाणी मात्र ऐन मागणीच्या वेळेसाठी राखून ठेवता येते. संगणकाच्या बाबतीत ही सोयही नाही. रिकामा गेलेला यंत्र-तास कोणत्याही धरणात साठवता येत नाही.

या अडचणीवर निघालेला तोडगा म्हणजे क्लाऊड, अर्थात भाड्याची संगणनशक्ती. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये ती तासाच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला आणि २००९ मध्ये मागणीप्रमाणे यंत्रांची संख्या आपोआप वाढविण्याची व घटविण्याची सोय केली. २०१६ पासून या कंपनीची केंद्रे मुंबईतही आहेत. वरील उदाहरणात भाड्याचा दर स्वतःच्या यंत्राच्या ताशी खर्चाच्या तिप्पट धरला, तरी हिशेब ९९० एककांचा होतो. २,४०० चा नव्हे. भाडे सातपटींहून अधिक झाले, तरच मालकी परवडेल. कागदावर तरी प्रश्न सुटलेला दिसतो.

भाड्याच्या यंत्रांच्या मर्यादा

व्यवहारात मात्र तीन अडचणी येतात. पहिली वेळेची. आपोआप वाढणारी व्यवस्था आधी भार वाढल्याचे पाहते, मग नवी यंत्रे मागवते. ती सुरू होऊन कामास लागेपर्यंत काही मिनिटे जातात. दहाची गर्दी तर काही सेकंदांत उसळते. तहान लागल्यावर विहीर खणावी तसा हा प्रकार होतो. म्हणून ज्या गर्दीची वेळ ठाऊक आहे, तिच्यासाठी पावणेदहालाच यंत्रे सज्ज ठेवणे आणि ओसरल्यावर ती सोडून देणे हाच शहाणपणा ठरतो.

दुसरी अडचण भाडेकरूंची. क्लाऊडची स्वस्ताई वेगवेगळ्या ग्राहकांच्या गर्दीच्या वेळा वेगवेगळ्या असण्यावर अवलंबून आहे. बँकेला दिवसा, चित्रपट दाखविणाऱ्या सेवेला रात्री आणि हिशेबाच्या कामांना मध्यरात्रीनंतर यंत्रे लागली, तर तीच यंत्रे तिघांना पुरतात. सर्वांनाच सकाळी दहाला ती हवी झाली, तर मालकाला प्रत्येकासाठी निराळी यंत्रे ठेवावी लागतील आणि त्यांच्या रिकाम्या तासांचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागेल.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. खिडक्या कितीही वाढविल्या, तरी जागांची नोंदवही एकच असते. एका गाडीतील एक बर्थ दोघांना विकला जाऊ नये, म्हणून त्या नोंदीपाशी प्रत्येकाला रांगेत थांबावेच लागते. चौकशीला उत्तर देणारी यंत्रे शंभराची हजार करता येतील. अखेरचा शब्द मात्र त्या वहीचाच.

यंत्रे वाढली, जागा नाहीत

रेल्वेने यंत्रे वाढविली नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ मध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे काढली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये रेल्वे मंत्रालयाने मिनिटाला दीड लाख तिकिटांची क्षमता असलेल्या नव्या आरक्षण यंत्रणेची घोषणा केली. अकरा वर्षांत वेग जवळजवळ सोळापट झाला. परंतु तत्काळ तिकिटासाठी ताटकळणाऱ्याचे समाधान सोळापट झाले, असे कोणी म्हणणार नाही.

याचे कारण उघड आहे. दुर्मिळ आहेत त्या जागा, यंत्रे नव्हेत. शंभर जागांसाठी दहा हजार हात पुढे आले, तर यंत्र कितीही वेगवान असले तरी नऊ हजार नऊशे लोक परतणारच. वेगवान यंत्राने एवढेच साधते की, ते पाच मिनिटांऐवजी एका मिनिटात परततात. उलट, जो सर्वांत चपळ त्याला तिकीट, असा नियम असल्यामुळे चपळाईलाच किंमत येते. माणसाची बोटे जिथे थकतात, तिथे दलालांचे स्वयंचलित प्रोग्रॅम सुरू होतात. तत्काळ विक्रीच्या पहिल्या पाच मिनिटांतील लॉगिनच्या प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे अशा प्रोग्रॅमचे असू शकतात, असे खुद्द मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सांगितले. अडीच कोटी खाती बंद करण्यात आल्याचेही जाहीर केले. म्हणजे सार्वजनिक पैशाने वाढविलेल्या क्षमतेचा मोठा वाटा दलालांच्या यंत्रांशी झुंजण्यात खर्ची पडतो.

नियमातला दोष

आजवर गर्दी ज्या उपायांनी विभागली गेली, त्यांत घड्याळाचे काटे हलविण्याचा वाटा मोठा आहे. पूर्वी तत्काळ विक्रीही सकाळी आठलाच सुरू होई, म्हणजे सर्वसाधारण आरक्षणाच्या वेळीच. जुलै २०१२ मध्ये ती दहाला नेण्यात आली. जून २०१५ मध्ये बिगर-वातानुकूलित वर्गासाठी अकराची वेळ ठरली आणि एका गर्दीच्या दोन झाल्या. या फेरबदलांसाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागले नाही.

वेळेनुसार किंमत बदलून गर्दी पांगवावी, हा अर्थशास्त्राचा परिचित सल्ला आहे. १९९६ चे नोबेल मानकरी विल्यम व्हिक्री यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी तो १९५० च्या दशकाच्या आरंभीच दिला होता. विजेच्या बाबतीत तो चालतो, कारण पाण्याचा पंप दुपारी चालविता येतो. तत्काळ तिकिटाला तो लागू पडत नाही. दहाला जागा संपणार हे ठाऊक असताना बाराला कोण येईल? आणि दर चढवीत गेल्यास जागा मिळेल ती गरजूला नव्हे, धनवंताला.

मग पर्याय कोणता? म्हाडाच्या घरांसाठी अर्ज अनेक दिवस स्वीकारले जातात आणि मग संगणकीय सोडत निघते. भागविक्रीतही किरकोळ गुंतवणूकदारांचे अर्ज किमान तीन दिवस घेतले जातात आणि मागणी फार वाढल्यास सोडतीनेच वाटप होते. पहिल्या मिनिटाला अर्ज केला की अखेरच्या, याने तेथे काही फरक पडत नाही. तत्काळसाठीही दहा ते बारा या वेळात अर्ज घेऊन साडेबाराला सोडत काढता येईल. दोन मिनिटांचा भार दोन तासांवर पसरेल, नोंदवहीपुढची रेटारेटी संपेल आणि प्रोग्रॅमच्या चपळाईला कवडीचीही किंमत उरणार नाही.

सोडतीत एकाच माणसाचे अनेक अर्ज येतील, हा आक्षेप रास्त आहे. तथापि १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली असल्याने त्यास पुष्कळ आळा घालता येईल. सोडतीला गरज कळत नाही, हेही खरे. आजारी वडिलांकडे निघालेला आणि सहलीला निघालेला तिच्या लेखी सारखेच. परंतु आजच्या शर्यतीला तरी ती कुठे कळते? तिला फक्त मोबाईलचा वेग कळतो. चांगला मोबाईल, वेगवान इंटरनेट आणि दहा वाजता मोकळा वेळ ज्याच्याकडे आहे, त्याच्या बाजूने ती झुकलेली असते. त्या वेळी वर्गावर असलेला शिक्षक, टेबलापाशी बसलेला कारकून आणि खेड्यातला विद्यार्थी शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलेले असतात.

मोठी यंत्रणा जरूर यावी. चौकशीची उत्तरे तत्परतेने मिळणे हीही नागरिकांची गरज आहे. मात्र रोज दहाच्या ठोक्याला येणारी गर्दी हा निसर्गाचा कोप नसून नियमाची निर्मिती आहे. नियम तसाच ठेवून यंत्रे वाढवीत गेल्यास खर्च वाढेल, शर्यत अधिक वेगवान होईल आणि रिकाम्या हाती परतणाऱ्यांची संख्या एकानेही घटणार नाही. दीड लाख तिकिटांच्या क्षमतेवर खर्च करणाऱ्यांनी एखाद्या मार्गावर काही महिने सोडतीचा प्रयोगही करून पाहावा. त्याला लागणारा खर्च फार थोडा आहे.