रजिस्ट्रीतलं कुलूप

त्रुटी १४०६

सॉफ्टवेअर निम्मं इन्स्टॉल होतं आणि मध्येच त्रुटी १४०६ झळकते: अमुक ‘की’मध्ये लिहिता आलं नाही. १४०२ आली, तर की उघडताच आलेली नाही. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते, इन्स्टॉलरही ठीक असतो. अडतं ते परवानगीवर.

की म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीतला, सेटिंग्जच्या साठ्यातला, कप्पा. प्रत्येक कप्प्याला एक मालक आणि कोणी काय करायचं याची एक यादी असते. ‘करंट यूजर’खालचे कप्पे ज्याचे त्याचे, ‘लोकल मशीन’ सामाईक, तिथे साध्या खात्याला सहसा वाचण्यापुरतीच मुभा. व्हिस्टापासून विंडोजच्या कित्येक कप्प्यांची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’कडे आहे. तिथे मालकी बदलल्याशिवाय ॲडमिनिस्ट्रेटरचंही चालत नाही.

कप्पा कोणता?

त्रुटीच्या खिडकीत नाव असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘प्रोसेस मॉनिटर’ चालू करा, ‘रिझल्ट’वर ‘ॲक्सेस डिनाइड’ची चाळणी लावा आणि तीच चूक पुन्हा घडू द्या. नकारांच्या ओळी बऱ्याच दिसतील, त्यातल्या कित्येक निरुपद्रवी. त्रुटी झळकण्याच्या लगेच आधीची ओळ बघा.

बॅकअपमधली मेख

कप्पा एक्सपोर्ट केला की आपण निर्धास्त होतो. पण त्या फाइलमध्ये मजकूर येतो, परवानग्या येत नाहीत! म्हणून रिस्टोअर पॉइंट घ्या. मी तर परवानग्यांच्या खिडकीचा मोबाइलवर फोटोच काढून ठेवतो.

दुरुस्ती

‘रेजएडिट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कप्प्यावर राइट क्लिक, ‘परमिशन्स’, मग ‘ॲडव्हान्स्ड’. मालक बदलून ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ करा, त्यांना ‘फुल कंट्रोल’ द्या, इन्स्टॉलेशन उरका. कप्पा विंडोजचा असेल, तर मालकी आणि परवानग्या फोटोत बघून होत्या तशा करा. खालच्या सगळ्या कप्प्यांना तेच लागू करणारी टिक विचार करूनच मारा.

‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. काम होतं, पण दार सताड उघडं राहतं. ‘सर्व्हिसेस’खालच्या कप्प्यात कोणती फाइल चालवायची याचा पत्ता असतो, तिथे कुणालाही लिहिता आलं, तर तो पत्ता बदलून हवा तो प्रोग्राम ‘सिस्टम’च्या अधिकाराने चालवता येतो.

तरीही नकार?

मग अँटिव्हायरसवर संशय घ्या. काही अँटिव्हायरस आपले कप्पे स्वतःच राखतात. जुना काढून टाकलेला असला तरी त्याचे अवशेष अडून बसतात. ते त्याच कंपनीच्या सफाई टूलने काढावेत.