आधी पुसा, मग धुवा

यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याच्या खालोखाल, असं यवतमाळकर सांगतात, आणि नवरात्रात त्यांच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. गाव रात्र रात्र जागतं, देखाव्यांची तुलना होते, अमक्या मंडळाच्या देवीचे डोळे कसे बोलके आहेत याचीही चर्चा रंगते. डोळ्यांची आखणी ज्या ब्रशने झाली त्याचा विषय मात्र निघत नाही. त्या ब्रशचा एक केस जरी वाकडा झाला, तरी पापणीची कड फाटते आणि देवीची नजर बिघडते.

विदर्भात रंगकामाचा मोसम तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांपासून सुरू होतो. मग गणपती, मग देवी. या अडीच-तीन महिन्यांत ब्रशला उसंत नसते, आणि ब्रश मरतात ते बहुधा याच काळात. झिजून मरणारे थोडे, न धुतल्यामुळे किंवा चुकीचे धुतल्यामुळे मरणारेच जास्त.

ब्रशचा जीव टोकात असला तरी रोग मुळाशी लागतो. केस आणि दांडा यांना धरून ठेवणारी पत्र्याची नळी म्हणजे फेरूल. रंग केसांतून वर चढत तिथे पोहोचला आणि वाळला, की आतून पाचर मारल्यासारखे केस फाकतात. मग टोक कितीही चोळा, ते पुन्हा जुळत नाही. म्हणून जाणता माणूस ब्रश अर्ध्याहून जास्त बुडवत नाही. पाण्याच्या डब्यात टोकावर उभा करून चहाला जाणं हा तर गुन्हाच. केस वाकतात, आणि दांड्याचं लाकूड पाणी पिऊन फुगतं. वाळल्यावर ते आकसतं आणि फेरूल खुळखुळायला लागते.

काम संपलं की आपण थेट नळाकडे धावतो. खरं तर ब्रश आधी पुसायचा असतो. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात फेरूलपासून टोकाकडे हलक्या चिमटीने ओढत गेलं, की बराचसा रंग तिथेच निघतो. कापसाच्या जिल्ह्यात सुती चिंध्यांना तोटा नाही; पॉलिस्टरचं फडकं मात्र रंग शोषत नाही, नुसता पसरवतं. पुसून झाल्यावर दोन डबे पुरतात, एक मळक्या पाण्याचा, एक निवळ पाण्याचा. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांचं पाणी आटलं आणि शहर टँकरकडे डोळे लावून बसलं. अशा गावात वाहत्या नळाखाली ब्रश धरण्याची चैन तशीही परवडत नाही.

पुढची रीत रंगावर ठरते. पोस्टर कलर डिंकात बांधलेला, वाळला तरी पाण्यात पुन्हा सुटतो. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. त्यातलं पाणी उडालं की प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतो, तो पाण्याला दाद देत नाही, आणि यवतमाळच्या मे महिन्यात तो पापुद्रा बघता बघता धरतो. तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तो ब्रशमधून काढायला आधी टर्पेंटाइन, आणि मग साबण. जवसाची चटणी खाणाऱ्या मुलखात हेही सांगायला हवं, की त्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

साबणाचीही गोष्ट आहेच. कपड्यांचा सोडा नैसर्गिक केसांना रखरखीत करतो. जड पाण्यात अंगाचा साबण फेसाऐवजी चिकट साका धरतो, आणि तो साका केसांत अडकतो. माझं मत रिठ्याच्या बाजूने आहे. त्याच्या फेसाला पाण्यातल्या क्षारांचं वावडं नाही आणि केसांनाही तो सौम्य. सौम्य शाम्पूही चालतो. तळहातावर गोल फिरवत, फेस पांढरा येईतो धुवायचं, बोटांनी टोक जुळवायचं आणि ब्रश आडवा ठेवायचा. जुने लोक टोक ओठांनी जुळवत. हल्लीच्या रंगांत काय काय असतं ते पाहता ही सवय मोडलेली बरी. नायलॉनचा ब्रश वाकला असेल तर कढत पाण्यात काही सेकंद बुडवावा, बरेचदा सरळ होतो.

दिवाळीनंतर ब्रश पेटीत जातात. नैसर्गिक केसांना कसर लागते, म्हणून सोबत डांबरगोळ्या हव्यात. हे केस कुठून येतात, हा प्रश्न मात्र अवघड आहे. ब्रशचा मोठा बाजार उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटला. टोकदार, चिवट ब्रशसाठी मुंगसाचे केस वापरले जात. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो व्यापार गुन्हा ठरवला आहे, तरी चोरून चालतो. २०१९मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने त्यावर छापे पडले. आज चांगला सिंथेटिक ब्रश बहुतेक कामं निभावतो, आणि त्याला कसरही लागत नाही.

टोक गेलेला ब्रश फेकत नाहीत. आखणीतून निघाला की तो दागिन्यांच्या सोनेरी रंगाला जातो, मग अस्तराला. तिथूनही उतरला की बैलांच्या ऑइल पेंटला, आणि एकदा तिकडे गेला की पाण्याच्या रंगात त्याला परत घ्यायचं नाही. अगदी शेवटी मूर्तीच्या घड्यांतली धूळ झटकायला तो वर्षानुवर्षं पुरतो.