दूरस्थ स्थळे आणि प्रकाशतंतू : विठ्ठलवाडीच्या लोहमार्गाचे उदाहरण

कल्याण जंक्शनपासून आग्नेयेस सुमारे दोन किलोमीटरांवर असलेले विठ्ठलवाडी हे मुंबई–पुणे लोहमार्गावरील लहानसे स्थानक होय. आगगाडी 1 मे 1854 रोजी कल्याणास पोहोचली, 1856 मध्ये रूळ या बाजूने खोपोलीकडे गेले आणि 1863 मध्ये बोरघाट ओलांडला गेला. रुळांच्या कडेने प्रथम तारायंत्राच्या तारा गेल्या व कालांतराने काचेचे तंतू आले. रेल्वेच्या जमिनीचा असा उपयोग करण्यासाठी 2000 मध्ये रेलटेल ही संस्था स्थापन झाली. तिचे देशव्यापी जाळे आज 60,000 किलोमीटरांहून अधिक आहे. मराठीत ‘तार’ हा शब्द धातूची तार आणि तिच्यावरून येणारा निरोप अशा दोन्ही अर्थांनी रूढ झाला. भारतातील तारसेवा 2013 मध्ये संपली, तरी ‘तंतू’ला तो दुसरा अर्थ अद्याप लाभलेला नाही.

दूरच्या जोडणीत मुख्य अडचण वेगाची नसते. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. विठ्ठलवाडीहून पुण्यापर्यंतचे सुमारे 135 किलोमीटर अंतर त्यास एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ पुरतो. अडचण आहे ती क्षीणनाची. चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये असे प्रतिपादन केले की, किलोमीटरमागे होणारा क्षय 20 डेसिबलपर्यंत खाली आणता आला, तर काच दूरसंदेशास उपयोगी पडेल. वीस डेसिबल म्हणजे शंभरातील एक अंश उरणे. ही मर्यादा 1970 मध्ये गाठली गेली. आजच्या तंतूत किलोमीटरमागे क्षय सुमारे 0.2 डेसिबल असतो. म्हणजे तेव्हा एका किलोमीटरात होणारी हानी आता शंभर किलोमीटरांत होते. तरीही पुण्यास मूळ प्रकाशाचा जेमतेम पाचशेवा हिस्सा पोहोचेल, आणि सांध्यांमधील क्षय त्यात धरलेला नाही. म्हणून साधारणतः 80 ते 100 किलोमीटरांवर प्रवर्धक बसवितात. एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक 1987 च्या सुमारास सिद्ध झाल्यापासून प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच त्याचे बळ वाढविता येते. अंतर वाढेल तसे प्रकाशाचे स्पंद पसरून एकमेकांत मिसळतात; या अपस्करणाचा बंदोबस्त निराळा करावा लागतो.

‘दुहेरी जोडणी’ हा व्यवहारातील शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. एकाच चरात दोन तंतू टाकले तर तंतू दोन होतात, मार्ग एकच राहतो. खोदाईचा एक घाव दोहोंना पुरतो. ‘दुहेरी’ हे विशेषण तंतूचे की मार्गाचे, हे स्पष्ट न करता आखलेली योजना कागदावर भक्कम दिसते, इतकेच.

विठ्ठलवाडीच्या बाबतीत हा भेद काल्पनिक नाही. दिनांक 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व सुमारे 1,050 प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तांब्याच्या तारेप्रमाणे काच पाण्याने निकामी होत नाही. परंतु भराव खचला तर तंतू तुटतो आणि स्थानकातील यंत्रे बुडाली तर अखंड तंतूही मुका होतो. वांगणी ही विठ्ठलवाडी आणि कर्जत यांच्या मध्ये आहे. सुदैवाने या भागातील लोहमार्गांची रचना वर्तुळाकार आहे : कल्याण, विठ्ठलवाडी, कर्जत, पनवेल, दिवा आणि पुन्हा कल्याण. याच वर्तुळावर तंतू जोडले, तर वांगणीस खंड पडला असता विठ्ठलवाडीचा संदेश उलट दिशेने कल्याण, दिवा व पनवेलवरून कर्जतास पोहोचविता येतो.

त्यासाठी एक हिशेब आधी मांडावा लागतो. सरळ अंतर सुमारे 44 किलोमीटर, क्षय नऊ डेसिबलच्या आसपास. वळशाचे अंतर सुमारे 70 किलोमीटर, क्षय चौदा. पहिल्या वाटेने प्रकाशाचा आठवा हिस्सा उरतो, दुसरीने पंचविसावा. केवळ सरळ वाटेस पुरेल असे प्रेषकयंत्र नेमके पुराच्या दिवशी तोकडे पडेल. तेव्हा यंत्राची निवड वळशाच्या अंतरावरून करावी, अथवा पनवेल येथे संकेत पुन्हा सशक्त करण्याची सोय ठेवावी. आणि तेथील वीजपुरवठा कल्याणच्या पुरवठ्यावर अवलंबून नसावा.