दहाव्या वर्षी फुटबॉल सुरू केला, तर उशीर झाला?

दहा-अकरा वर्षांचं मूल फुटबॉल खेळायचं म्हणालं, की घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, 'आता उशीर झाला. पाचव्या-सहाव्या वर्षीच अकादमीत घालायला हवं होतं.' पालकांना ते पटतं. मग थोरल्याचं खेळणं राहून जातं आणि धाकट्याला दुधाचे दात पडायच्या आत महागडी फी भरून शिकायला पाठवतात. हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की त्याला आधार काय, हे कुणी विचारतच नाही.

आधार शोधायला गेलं तर उलटंच हाती येतं. जर्मनीतल्या संशोधकांनी तिथल्या अव्वल साखळीतले, म्हणजे बुंडेसलिगातले व्यावसायिक आणि हौशी खेळाडू यांच्या लहानपणाची तुलना केली. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेले खेळाडू बालपणी प्रशिक्षकाविना, आपापसात जास्त फुटबॉल खेळले होते. किशोरवयात ते इतर खेळही खेळत होते आणि फक्त फुटबॉलला वाहून घेणं त्यांनी उशिरा सुरू केलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली हेच सुचवलं: एकाच खेळाची निवड शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावी आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. वाढत्या वयात टाच आणि गुडघा दुखण्यामागे बऱ्याचदा त्याच त्या हालचालींचा ताण असतो.

म्हणजे लहानपणापासून चेंडूशी सलगी असली तर फायदा होतोच. पण ती फी भरूनच होते, हे साफ चूक आहे.

कोल्हापुरात कुणीही सांगेल. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि त्यांच्या पेठांतली पोरं गल्लीत चेंडू मारतच मोठी होतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचं प्रशिक्षण झालं ते पुण्यात, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन 'स्लम सॉकर' उभं केलं, तेही कुणाची फी न घेता.

आणि उशिरा वर आलेल्यांचं काय? जर्मनीचा मिरोस्लाव क्लोझे विसाव्या वर्षापर्यंत गावच्या संघात खेळत होता, सुतारकाम शिकत होता. पुढे पुरुषांच्या विश्वचषकात १६ गोल करून त्याने २०१४ साली विक्रम केला. इंग्लंडच्या जेमी वार्डीला तर सोळाव्या वर्षी क्लबच्या अकादमीनेच सोडून दिलं होतं. २०१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा तोच त्यांचा आघाडीचा खेळाडू होता. अशी उदाहरणं मोजकीच, हे मान्य. पण खेळायला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यावसायिक खेळाडू व्हायचं असतं, असं कुणी ठरवलं?

असेच आणखी काही समज कानावर येतात. 'अंगापिंडाने किरकोळ आहे, निभाव लागणार नाही.' मेस्सीची उंची १७० सेंटिमीटर, फ्रान्सच्या कांतेचीही जवळपास तेवढीच. वयोगटाची निवड जानेवारीपासून धरली, की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली, जरा थोराड मुलं जास्त निवडली जातात. डिसेंबरात जन्मलेलं मूल कच्चं नसतं, फक्त काही महिन्यांनी लहान असतं.

'बुटांशिवाय सुरुवातच नाही.' १९४८च्या ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. आज साधे कॅनव्हासचे बूट पुरतात.

'हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, लहानपणीच शिकवावा.' नको. इंग्लंडमध्ये २०२०पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो वगळला आहे.

'मुलींचा खेळ नाही.' २०२२ साली १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई आणि मडगावातही सामने झाले.

सुरुवातीला भिंत, चार सवंगडी आणि मापाचा चेंडू पुरे: आठ वर्षांखाली तीन नंबरचा, बाराव्या वर्षापर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा. अकादमीत घालायचंच असेल, तर आधी तासभर मैदानाच्या कडेला उभं राहून पाहावं. मुलं रांगेत ताटकळत असतील आणि चेंडू पायाला क्वचितच लागत असेल, तर दुसरी अकादमी शोधावी.