तेल सुटण्याआधी

अख्खं सोयाबीन हेक्झेन या द्रावकात बुडवून ठेवलं तर त्यातून किती तेल निघेल? ओथमर आणि अगरवाल या रसायन अभियंत्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे करून पाहिलं होतं. दाणे १६८ तास, म्हणजे सबंध आठवडा, द्रावकात पडून होते. निघालेलं तेल एक टक्कासुद्धा भरलं नाही. दाण्याची दोन दलं वेगळी करून पाहिली, तरी तीच गत. सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं आणि हेक्झेनमध्ये तेल हां हां म्हणता विरघळतं. तरीही आठवडाभरात दोघांची गाठ पडली नाही.

याचं कारण दाण्याच्या आत दडलेलं आहे. तेल तिथे मोकळं साठलेलं नसतं. सोयाबीनच्या दलातली एक पेशी साधारण ७०-८० मायक्रॉन लांब आणि १५-२० मायक्रॉन रुंद असते. तिच्यात प्रथिनांचे मोठे गोळे आणि त्यांच्या फटीफटींत अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान असे तेलाचे थेंब. प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं पातळ आवरण, आणि सगळ्याला कवेत घेणारी पेशीभित्तिका. बीज रुजेपर्यंत तेल जपून ठेवायचं, ही निसर्गाची सोय आहे. आपल्याला मात्र ती मोडायची असते, तीही नेमकी हवी तितकीच. द्रावकाने तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये पाहुण्यांना उंचच उंच एक्स्ट्रॅक्टर कौतुकाने दाखवतात. माझ्या मते प्लांटचा कस लागतो तो त्याच्या अलीकडे, धुळीने भरलेल्या ‘प्रिपरेशन’ विभागात.

या तयारीचा पहिला अंक खरं तर बाजार समितीतच सुरू होतो. लातूरच्या बाजारात ऐन ऑक्टोबरच्या पावसानंतर आलेल्या मालात आडत्याची नजर आधी मॉइश्चर मीटरवर जाते. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा शेतकऱ्याला हायसं वाटलं. भाव पाडण्यासाठी मॉइश्चरचं निमित्त होतं, ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण ओलावा हे नुसतं निमित्त नाही. ओल्या ढिगात दाण्यांचं श्वसन वाढतं, ढीग तापतो, बुरशी धरते. लायपेझ नावाचं विकर तेल फोडून मुक्त मेदाम्लं तयार करतं आणि पुढे रिफायनरीत त्याची किंमत मोजावी लागते. मळणीयंत्राचा ड्रम फार वेगात फिरवून दाण्यांची डाळ झाली असेल तर हे बिघडणं आणखी लवकर सुरू होतं.

प्लांटवर माल आला की चाळण्या, हवेचा झोत आणि लोहचुंबक. माती आणि काडीकचरा निघतो, शिवाय ट्रॉलीतून आलेले खिळे, नटबोल्टही. एखादा खिळा पुढच्या रोलरपर्यंत पोचला तर रोलरला खाच पडते. ठिणगी उडाली तर आजूबाजूची धूळ पेट घेऊ शकते. मग दाणा साधारण १० टक्के ओलाव्यापर्यंत सुकवतात आणि जुन्या पद्धतीत काही दिवस सायलोत मुरू देतात. सुकताना आतला गर आकसतो आणि टरफल सुटं होतं. त्यानंतरचे खाचांचे रोलर जोडीने फिरतात, पण एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे दाणा चेंगरत नाही, कातरला जाऊन त्याचे चार ते आठ तुकडे होतात. हलकी टरफलं हवेने ओढून घेतात. ती दाण्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के भरतात आणि त्यांत तेल जवळपास नसतंच. ती काढून टाकली की पेंडीतलं प्रथिन ४४ वरून ४७-४८ टक्क्यांवर जातं. कोंबडीखाद्यवाले हाच आकडा विचारतात.

आता खरी कसोटी. तुकडे वाफेवर ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून मऊ करतात आणि गुळगुळीत रोलरांच्या जोडीतून दाबून काढतात. खाली पडतात ते पिवळसर, पोह्यांसारखे पातळ पापुद्रे. जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. ओथमर-अगरवाल यांच्या मोजमापांत तेल निघण्याचा वेग या जाडीच्या जवळजवळ चौथ्या घाताशी व्यस्त प्रमाणात आला होता. म्हणजे जाडी निम्मी केली तर वेग सोळापटीच्या घरात. नुसतं अंतर निम्मं झाल्याने इतका फरक पडत नाही. ०.३ मिलिमीटरच्या पापुद्र्यातही पेशींचे कितीतरी थर शिल्लक असतात. पण रोलरच्या दाबाने त्या पेशी वेड्यावाकड्या होतात, भित्तिका फाटतात. जितका पापुद्रा पातळ, तितक्या जास्त पेशी फुटलेल्या.

मग सरळ पीठच का करू नये? कारण एक्स्ट्रॅक्टरमध्ये हेक्झेन वरून झिरपत खाली यायचं असतं. पिठाचा थर बसला की वाट बंद. द्रावक वरच तुंबतं किंवा सापडेल त्या फटीतून निघून जातं आणि बाकीचा माल कोरडाच राहतो. शिवाय बारीक भुकटी तेलाबरोबर वाहत जाऊन पुढची यंत्रं घाण करते ती वेगळीच. तेव्हा पापुद्रा पातळ हवा आणि अखंडही हवा. गरमी कमी पडली तर तुकडा रोलरमध्ये ठिसूळपणे फुटून चुरा होतो. ओलावा फार झाला तर माल चिकट होतो. म्हणून चांगला ऑपरेटर रोलरच्या दोन्ही टोकांकडचे आणि मधले पापुद्रे उचलून मायक्रोमीटरने मोजतो. रोलर सगळीकडे सारखे झिजत नाहीत. त्यामुळे सरासरी जाडी बरोबर आली तरी एका बाजूचा माल जाड निघत असतो.

या पेचातून सुटायला अनेक प्लांट एक्सपांडर लावतात. त्यात पापुद्रे वाफेसकट दाबाखाली १०० अंशांच्या वर तापतात. तोंडातून बाहेर पडताच दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि माल फुलून सच्छिद्र, टणक कांड्या होतात. पेशी आणखी फुटतात, तरी चुरा होत नाही आणि द्रावक भराभर झिरपतं. एवढं सगळं जमलं, तर पेंडीत उरणारं तेल एक टक्क्याच्या आत राहतं.

सरकीचं गणित निराळं. तिला तंतू चिकटलेले असतात. ते आणि टरफल काढून टाकलं नाही तर तेल त्यांत शोषलं जातं. गॉसिपॉल या विषारी द्रव्याचा बंदोबस्त शिजवताना करावा लागतो, तो वेगळाच. कागदावर सरकीलाही सोयाबीनइतकीच तयारी हवी. पण आपल्याकडच्या बहुतेक सरकी मिलमध्ये टरफलासकट गाळप होतं आणि ढेपेत सहा-सात टक्के तेल राहून जातं. याला निव्वळ मागासलेपण म्हणणं मला पटत नाही. सोयापेंडीत दीड टक्का तेल उरलं तर शिफ्ट इंजिनिअरला जाब द्यावा लागतो. ढेपेतलं तेल मात्र वाया जात नाही. दुधाला फॅट लागावं म्हणून गोठेवाला त्या तेलाचेच पैसे देतो.